शीव, सीमा आणि स्वस्त कॅमेरा

‘शीव’ म्हणजे सीमा. गावाची शीव ओलांडणे हा प्रयोग मराठीत आजही जिवंत आहे. इंग्रजांनी त्याच शब्दाचे ‘सायन’ केले आणि आपण ते निमूटपणे स्वीकारले. मुंबई बेटाची ही उत्तरेकडची कड. सतराव्या शतकात इंग्रजांनी येथे टेकडीवर किल्ला बांधला तो पलीकडच्या पोर्तुगीज साष्टीवर नजर ठेवण्यासाठी. पुढे १७९८ ते १८०५ या काळात गव्हर्नर जोनाथन डंकनच्या कारकिर्दीत शीवचा बांध झाला, बेट साष्टीला जोडले गेले, आणि बांधावरून जाणाऱ्या गाडीघोड्यांकडून पथकर घेतला जाऊ लागला. मुंबई महापालिकेची हद्ददेखील १९५० पर्यंत शीव-माहीमलाच संपत होती. अशा ठिकाणी वसलेल्या कोळीवाड्याकडून एका वस्तूच्या किमतीचा इतिहास पाहायचा तर ती वस्तू कॅमेराच असावी, असे मला वाटते. कारण कॅमेरा मुंबईत स्वस्त की महाग, हे बहुतेक काळ दुकानदाराने ठरवलेच नाही. ते सीमेने ठरवले: देशाच्या, राज्याच्या, शहराच्या. आणि कॅमेरा स्वस्तात मिळवणे म्हणजे यांतली कोणती सीमा, कोणाच्या मदतीने, न दिसता ओलांडायची याचे ज्ञान असणे.

आज सणासुदीच्या विक्रीत सवलतीवर सवलत रचून कॅमेरा घेणाऱ्या तरुणाला हे सारे नवे वाटते. विक्रीची सूट, वर बँकेच्या कार्डाची सूट, वर जुना कॅमेरा देऊन मिळणारी सूट. मग तोच कॅमेरा दुसऱ्या दुकानात किती, हे दाखवून पहिल्याकडून भावाची बरोबरी करून घेणे. या कसरतीला मोठी वंशावळ आहे, आणि तिची पहिली पाने मराठी माणसांनीच लिहिलेली आहेत.

७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे एक रुपया तिकिटात दाखवली गेली. ती पाहून भारावलेल्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा होते. ते मुळात छायाचित्रकार. त्यांनी लंडनहून २१ गिनीचा चलच्चित्र कॅमेरा मागवला. गिनी म्हणजे २१ शिलिंग. म्हणजे कॅमेऱ्याची किंमत २२ पौंड १ शिलिंग. त्या दशकाच्या अखेरीस रुपया १६ पेन्सवर स्थिरावला, त्या दराने हे सुमारे ३३० रुपये होतात. वॉटसनच्या तिकिटाच्या मापाने मोजले तर ३३० खेळ! त्या काळी सर्वसाधारण आयातमालावर ५ टक्के जकात होती, ती १८९४ मध्ये पुन्हा लागू झालेली. म्हणजे देशाची सीमा तेव्हा जवळजवळ फुकट ओलांडता येत होती. महाग होते ते अंतर, आणि माल पाहण्यापूर्वी पैसे पाठवण्याचा धोका. घासाघीस करायला समोर कोणी नव्हतेच. छापील दरपत्रक हाच दुकानदार, आणि तो बधत नसे. १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधल्या कुस्तीचे चित्रण सावे दादांनी केले ते याच मार्गाने आलेल्या यंत्रावर.

दादासाहेब फाळक्यांनी हे अंतरच रद्द केले. गिरगावात येशूच्या चरित्रावरचा चित्रपट पाहिल्यावर त्यांना जे झपाटलेपण आले त्याची कथा सर्वांना पाठ आहे. मला तिच्यातला एक व्यवहारी तपशील महत्त्वाचा वाटतो. १९१२ साली विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते स्वतः लंडनला गेले, तेथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक केबर्न यांना भेटले, हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहिला, आणि मगच विल्यमसन कॅमेरा विकत घेतला. ज्या माणसाला यंत्र विकायचे नव्हते अशा जाणकाराला आधी गाठायचे, आणि खरेदी नंतर करायची. स्वस्त खरेदीची ही पहिली पायरी आजही तीच आहे. एका यंत्राच्या खरेदीसाठी आयुर्विमा गहाण पडतो, हे मात्र स्वस्ताईच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही. दादर मेन रोडवरच्या बंगल्यात ‘राजा हरिश्चंद्र’ आकाराला आला तो या कर्जाच्या पायावर. आज त्या रस्त्याला त्यांचे नाव आहे.

तिसरा मार्ग कोल्हापूरचा, आणि तो सर्वांत मराठी. बाबुराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव मेस्त्री यांनी मुंबईच्या चोरबाजारातून जुना प्रक्षेपक घेतला, चित्रपट दाखवायला सुरुवात केली, आणि यंत्र उघडून ते चालते कसे याचा अभ्यास आरंभला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. तरीही दामल्यांसारख्या शिष्याला हाताशी धरून बाबुरावांनी १९१८ पर्यंत स्वतःचा कॅमेरा सिद्ध केला. १९२० चा ‘सैरंध्री’ त्यानंतरचा. या प्रकरणाकडे आपण ‘स्वदेशी बाणा’ म्हणून पाहतो. ते योग्यच आहे. पण ती एका गरजू ग्राहकाचीही कथा आहे. ज्याला दरपत्रकाची किंमत परवडत नाही, लंडन परवडत नाही, तो भंगारातून आरंभ करतो आणि उरलेली किंमत वर्षांनी चुकवतो.

हे तीन मार्ग, म्हणजे दरपत्रक, जाणकार आणि चोरबाजार, पुढच्या शंभर वर्षांत एका रेल्वेमार्गावर येऊन बसले. शीव कोळीवाड्याच्या रहिवाशाला ते तिकीट न बदलता लाभले. कोळीवाडा स्थानक, म्हणजे आजचे गुरू तेगबहादूर नगर, हार्बर मार्गावर आहे. याच मार्गावर ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली. वडाळा, शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड, डॉकयार्ड रोड ही सारी नावे बंदराची आणि मालाची. मग सँडहर्स्ट रोड: उतरून चालत गेले की मटन स्ट्रीटचा चोरबाजार. मग मशीद: तेथून मुसाफिरखाना आणि मनीष मार्केट. शेवटी बोरीबंदर, आणि लगतच बोरा बझार, कॅमेऱ्यांची गल्ली. शेवटच्या तीन स्थानकांत कॅमेऱ्याच्या तीन किमती होत्या. वापरलेल्याची, चोरून आणलेल्याची, आणि दुकानातली. आणि तिसरीचेही पुन्हा दोन पोटभेद, बिलासह आणि बिलाविना.

शीव कोळीवाड्यात या मार्गाचा प्रवासी कोण होता हेही पाहिले पाहिजे. मूळचा कोळी समाज होताच. १९४७ नंतर येथील लष्करी बराकींत फाळणीचे निर्वासित आले, आणि पुढच्या दशकात त्यांच्यासाठी २५ इमारतींची वसाहत उभी राहिली. लोक तिला पंजाबी कॉलनी म्हणत. अलीकडे त्या इमारती धोकादायक ठरून रिकाम्या झाल्या. ‘कोळंबी कोळीवाडा’ हा खाद्यप्रकार कोळ्यांचा नसून याच वसाहतीतल्या पंजाबी तळणीतून आला, हे आपल्याकडच्या पुष्कळ खवय्यांना अजून पटत नाही. ज्यांच्या आयुष्यावरून देशाची सीमाच गेली होती ते शीवेवर येऊन राहिले, आणि त्यांतल्या अनेकांनी छोट्या व्यापारावर पुन्हा संसार उभे केले, हा योगायोग इतिहासाला शोभणारा आहे.

दोन्ही समाजांना भाव करणे परके नव्हते. कोळणीच्या पाटीसमोर भाव होतो तो वजनाचा नसतो, वाट्याचा असतो. सकाळच्या भवानीचा भाव वेगळा, बाजार उठतानाचा वेगळा. ओळखीच्या गिऱ्हाइकाला वर एखादा बोंबील, तोंडाळ गिऱ्हाइकाला शिव्या. मराठीत ‘भाव’ हा एकच शब्द किंमत आणि मनोवृत्ती या दोन्हींसाठी वापरला जातो, याकडे रसचर्चा शिकवणाऱ्यांचे लक्ष क्वचितच जाते. पाटीसमोर या दोहोंची फारकत करताच येत नाही. क्लिफर्ड गीर्ट्झ या मानवशास्त्रज्ञाने १९७८ साली मोरोक्कोतल्या बाजारावर लिहिताना मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. अशा बाजारात दुर्मीळ असते ती माहिती. आणि मुरलेला ग्राहक दहा ठिकाणी एकेक प्रश्न विचारत नाही, तो एका ठिकाणी दहा प्रश्न विचारतो. बोरा बझारात कॅमेरा घेणाऱ्याला हे सूत्र लागू पडे, फक्त थोड्या भ्रष्ट रूपात. तेथे ग्राहकाला दहाही ठिकाणी दहाही प्रश्न विचारावे लागत.

याचे कारण सीमा मध्यंतरी बंद झाली होती. १९५७ च्या सुमाराच्या परकीय चलनटंचाईनंतर ग्राहकोपयोगी वस्तूंची आयात परवान्यांच्या जाळ्यात गेली. आयातीवरचे संख्यात्मक निर्बंध पूर्णतः उठले ते १ एप्रिल २००१ रोजी. या चार दशकांत मध्यमवर्गासाठी कायदेशीर आणि परवडणारा कॅमेरा म्हणजे बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये तयार होणारा ‘आग्फा क्लिक थ्री’. १२० च्या फिल्मवर बारा चौकोनी छायाचित्रे. सहलीला एक फिल्म, लग्नाला दोन. पाश्चात्त्य देशांत कोडॅकने १९०० साली एका डॉलरचा ‘ब्राउनी’ काढून कॅमेरा मुलांच्या हाती दिला होता; तेथली स्वस्ताई कारखान्यातून आली. आपल्याकडे कारखाना एका मर्यादेपर्यंतच पोचला. त्यापुढचे सारे, जपानी याशिका, पेंटॅक्स, निकॉन, पेटीतून आले.

‘पेटीतून’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. तस्कर म्हटला की हिंदी चित्रपटाने आपल्यासमोर सोन्याची बिस्किटे आणि काळा चष्मा उभा केला. कॅमेऱ्याचा मार्ग त्याहून घरगुती होता. बोटीवरचा खलाशी, १९७३ नंतर आखातात गेलेला कोकणातला कामगार, हजहून परतणारा यात्रेकरू. प्रत्येकाच्या सामानात एखादा कॅमेरा असे आणि त्याचे पैसे गावी घर बांधायला लागत. मुसाफिरखाना ही मुळात हज यात्रेकरूंसाठीची धर्मशाळा. तिच्या आसपास परदेशी मालाचा बाजार वाढावा यात काही गूढ नाही. १९७४ मध्ये ‘कॉफेपोसा’ आला, धाडी पडल्या, बाजार काही आठवडे ओस पडून पुन्हा भरला. ज्या देशात आयातकराचा कमाल दर १९९१ च्या अर्थसंकल्पात खाली आणल्यावरही १५० टक्के होता, तेथे सीमाच बाजार निर्माण करते. शंभराची वस्तू करासह अडीचशेला पडत असेल आणि मनीष मार्केटमध्ये पावणेदोनशेला मिळत असेल, तर ग्राहकाला ती सवलतच वाटते. मधले पंचाहत्तर खलाशी, दलाल, दुकानदार आणि हवालदार यांच्यात वाटले गेलेले असतात.

या सवलतीची किंमत कोण मोजत असे? सरकार, हे सोपे उत्तर. अधिक नेमके उत्तर लग्नांचे फोटो काढून पोट भरणाऱ्या छायाचित्रकाराकडे मिळते. त्याचा कॅमेरा बिलाविना असे, म्हणजे वॉरंटीविना. बिघडला तर अधिकृत दुरुस्ती नाही, चोरीला गेला तर पोलिसांत सांगायची सोय नाही, विमा नाही, त्यावर बँकेचे कर्ज नाही. हौशी माणसाला बिलाविना घेतलेल्या कॅमेऱ्यात पैसे वाचल्याचा आनंद होतो. धंदेवाइकाला मे महिन्यातल्या एका मुहूर्तावर शटर अडकले की त्या बचतीच्या कितीतरी पट भरावे लागते. म्हणून त्याची घासाघीस किमतीवर थांबत नसे. ‘बिघडला तर तूच बघशील ना?’ हा त्याचा शेवटचा प्रश्न. गीर्ट्झ ज्याला ग्राहक-नाते म्हणतो ते हेच. बोरा बझारातल्या दुकानदाराचा शब्द ही वॉरंटी, आणि त्या शब्दासाठी दोनशे रुपये जास्त देण्यातच शहाणपण.

मधल्या काळात कायद्याने एक वेगळाच घोळ घातला. वेष्टित मालावर किंमत छापण्याचे बंधन १९७७ च्या नियमांनी आले. तेव्हा ‘स्थानिक कर वेगळे’ असे छापण्याची मुभा होती, आणि तिचा आधार घेऊन दुकानदार वाटेल तो कर लावीत. १९९० च्या दुरुस्तीने ही मुभा काढली. सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे सक्तीचे झाले. ग्राहक चळवळीला हा विजय वाटला आणि तो होताही. १९७५ साली स्थापन झालेली मुंबई ग्राहक पंचायत तर किमतीच्या प्रश्नाला सामुदायिक खरेदीचे उत्तर देत होती. कुटुंबांचे गट करून माल थेट घरी. पण ‘कमाल’ या शब्दाने एक मोकळी जागा तयार केली. कमाल किंमत जेवढी वर छापावी तेवढी तिच्यावरची सूट घसघशीत दिसते. रसशास्त्राची परिभाषा थोड्या चेष्टेने वापरायची तर छापील किंमत हा स्थायीभाव आणि सवलती हे संचारी भाव झाले. ग्राहकाला रस येतो तो संचारींमध्येच.

डिजिटल कॅमेऱ्याने सीमा पुन्हा खाली आणली. माहिती तंत्रज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार २००५ पासून डिजिटल स्थिर कॅमेऱ्यावरचे मूळ सीमाशुल्क शून्य झाले. पेटीतल्या कॅमेऱ्याचा मुख्य फायदा एका अधिसूचनेने बराचसा संपला. मग राहिल्या आतल्या सीमा: १ एप्रिल २००५ ला महाराष्ट्रात आलेला मूल्यवर्धित कर, आणि मुंबईची जकात. शहराची हद्द १९५० मध्ये शीवेवरून पुढे सरकली आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत गेली होती. जकातनाकी तिच्यामागोमाग गेली. जी वसुली पूर्वी शीवच्या बांधावर होत असे ती आता मुलुंडला होऊ लागली, एवढाच फरक. बोरा बझारात ‘बिल पाहिजे की नको?’ हा प्रश्न आता देशाच्या सीमेबद्दल नव्हता. तो या दोन करांबद्दल होता. किंमतफरक आटला, पण सवय टिकली.

६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टची ‘बिग बिलियन डे’ ही विक्री झाली आणि घासाघिशीला समोरचा माणूसच उरला नाही. येथे मला सावे दादांचे दरपत्रक आठवते. एका अर्थी आपण तेथेच परतलो आहोत. फरक असा की दरपत्रक सर्वांना एक होते. आजची किंमत ज्याच्या-त्याच्या कार्डाप्रमाणे, कूपनाप्रमाणे वेगळी असते. आपल्याकडे गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे धरून सौदा करतात. किंमत फक्त दोघांना कळते. कार्डावरची सूट हा तसाच रुमाल आहे, मात्र त्याखाली दुसरा हात कोणाचा हे ग्राहकाला कळत नाही. ‘विनाव्याज हप्ते’ या प्रकाराबद्दल रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वातच नाही. व्याज कुठेतरी दडवलेले असते. २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ च्या डिसेंबरात परकीय गुंतवणुकीच्या नियमांनी बाजारपेठ चालवणाऱ्या संकेतस्थळांना विक्रीच्या किमतीवर प्रभाव टाकण्यास मनाई केली. रचलेल्या सवलती त्यानंतरही चालूच राहिल्या. त्यांवर बँकेचे आणि उत्पादकाचे नाव ठळक झाले.

रचलेल्या सवलतींचे गणितही एकदा मांडून पाहण्यासारखे आहे. साठ हजारांचा कॅमेरा मानू. वीस टक्के सूट, म्हणजे अठ्ठेचाळीस हजार. त्यावर कार्डाची दहा टक्के, म्हणजे त्रेचाळीस हजार दोनशे. त्यावर आणखी पाच टक्के, म्हणजे एक्केचाळीस हजार चाळीस. मनातल्या मनात आपण पस्तीस टक्के मोजलेले असतात, प्रत्यक्षात ३१.६ मिळाले. शिवाय कार्डाच्या सवलतीला बहुधा कमाल मर्यादा असते, ती बारीक अक्षरात. आणि भावाची बरोबरी? लंडनच्या जॉन लुइस दुकानाने १९२५ पासून ‘आमच्याहून स्वस्त कोठे नाही’ अशा अर्थाचे वचन पाळले, २०२२ मध्ये ते सोडले आणि २०२४ मध्ये पुन्हा घेतले. आपल्याकडे असे वचन भिंतीवर लागत नाही. मोबाइलवरची किंमत दाखवून ‘एवढ्याला देता का?’ म्हणणारा ग्राहक स्वतःच ते वचन असतो. दुकानदार स्क्रीन पाहतो, कार्डाची सूट वजा करतो आणि उरलेल्या फरकाऐवजी एक मेमरी कार्ड देऊ करतो. पाटीवरचा वरचा बोंबील!

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. त्याच दिवशी मुंबईची जकात गेली, आणि शीवेपासून सुरू झालेली वसुलीची ती परंपरा मुलुंडला संपली. कॅमेऱ्यावर आधी २८ टक्के कर बसला; १ जानेवारी २०१९ पासून तो १८ वर आला. याचा एक परिणाम बोरा बझाराच्या जुन्या प्रश्नोत्तरावर झाला. नोंदणीकृत छायाचित्रकाराला कॅमेऱ्यावर भरलेला कर आपल्या कामावरच्या करातून वजा करता येतो. त्यासाठी पक्के बिल लागते. जे बिल न घेतल्याने पैसे वाचत होते, ते बिल घेतल्याने वाचू लागले. पिढ्यान्‌पिढ्या ‘बिल नको’ म्हणणारा धंदेवाईक ग्राहक आता दुकानात शिरताच कर-क्रमांक पुढे करतो.

ही सवलत मात्र नोंदणी असलेल्यालाच. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. आणि नोंदणी नाही तर वजावट नाही. मोठ्या स्टुडिओला तोच कॅमेरा करातली वजावट मोजता बराच स्वस्त पडतो. गुरू तेगबहादूर नगरहून गाडी पकडून बोरा बझारात जाणारा बारशांचा आणि साखरपुड्यांचा छायाचित्रकार पूर्ण १८ टक्के भरतो, नाहीतर सँडहर्स्ट रोडला उतरतो.